काळी रिंग दिसते एकसारखी, रबर मात्र वेगळे

रेपियर मागाच्या गिअरबॉक्समधून तेल झिरपले आणि कापडावर डाग पडला की तो ताका सेकंडमध्ये जातो आणि व्यापारी बट्टा कापतो. मुळाशी पुष्कळदा असते काही रुपयांचे ऑइल सील. आपले कारखानदार बंधू सील घेताना माप सांगतात, रबर कोणते ते विचारत नाहीत.

झाडाच्या चिकाचे रबर लवचीक खरे, पण खनिज तेल पिऊन ते फुगते व नरम पडते. सीलची ओठासारखी कड शाफ्टवर बसत नाही. तेलासाठी नायट्राइल रबर हवे. हे जर्मनीत १९३०च्या दशकात निघाले. जुने मिस्त्री त्याला बुना-एन म्हणतात. ते ब्यूटाडाईन व ॲक्रिलोनायट्राइल या दोन रसायनांपासून बनते. यातले दुसरे आम्हा कापडवाल्यांना परके नाही, कारण कॅशमिलॉनचा धागा मुख्यतः त्याचाच. सूतगिरणीत रिंगफ्रेमच्या वरच्या रोलरवरचे कॉटही बहुधा नायट्राइलचेच असतात.

ॲक्रिलोनायट्राइलचे प्रमाण साधारण १८ ते ५० टक्के असते. ते जितके जास्त तितके तेल कमी शोषले जाते, मात्र थंडीत रबर ताठरते. उष्णता सुमारे १०० अंशांपर्यंत ठीक. सतत त्यापुढे गेल्यास सील कडक होऊन तडकते. तेथे महागडे व्हायटॉन लागते.

गॅरेजवाल्या बांधवांनी एक ध्यानात ठेवावे. ब्रेक ऑइल हे नावालाच ऑइल. मोटारगाड्यांत सहसा वापरतात ते ग्लायकॉल जातीचे असते व त्यात नायट्राइल चालत नाही. ईपीडीएम रबराची वॉशर लागते. उलट ईपीडीएम इंजिन ऑइलमध्ये फुगते. थिनर व ॲसिटोनपासूनही नायट्राइल दूर ठेवावे.

शंका आल्यास एक वॉशर मापून रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवा. साधे रबर सकाळी चांगलेच फुगलेले दिसेल, नायट्राइलमध्ये फरक थोडाच. साधी रिंग नायट्राइल सांगून विकणारे दुकानदार आहेत; मालातला ऐब लपवणे जायज नाही हे त्यांना सांगायला नको.

सील दुकानात तारेवर ओवून उन्हात टांगण्याची रीतही सोडावी. ऊन आणि चालत्या मोटारीच्या ठिणग्यांतून निघणारा ओझोन नायट्राइलला चिरा पाडतो. डबाबंद, अंधारात, ताण न देता ठेवलेला माल वर्षानुवर्षे टिकतो.