अम्ल प्रत्यावहन : शस्त्रक्रियापूर्व परीक्षा

जठरातील अम्लयुक्त द्रव्य वारंवार ग्रसिकेत (अन्ननलिकेत) उलटून आल्याने छातीत जळजळ, आंबट ढेकर किंवा ग्रसिकेचा दाह होतो. या विकारास अम्ल प्रत्यावहन म्हणतात. ग्रसिकेच्या खालच्या टोकाचा परिसंकोची स्नायू दुर्बल झाल्यास अथवा मध्यपटलाच्या छिद्रातून जठराचा भाग वर सरकल्यास (अंतर्गळ) तो बळावतो. औषधांनी व पथ्याने पुरेसा आराम न पडल्यास शस्त्रक्रियेचा विचार करतात. रूडोल्फ निसेन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत जठराचा वरचा भाग ग्रसिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून शिवतात.

केवळ लक्षणांवरून निदान निश्चित होत नाही. कोल्हापुरी तांबड्या रश्शासारख्या तिखट पदार्थानंतरची जळजळ मिरचीतील कॅप्सायसीन या द्रव्याने तंत्रिकाग्रे उद्दीपित झाल्यानेही होते. हृदयविकाराची वेदनाही कधीकधी तशीच भासते. म्हणून हृदयविकार नसल्याची खात्री करून पुढील परीक्षा करतात.

(१) अंतर्दर्शन : लवचिक नळीतून ग्रसिका व जठर पाहतात. व्रण, अंतर्गळ व कोशिकांतील बदल यांवरून कळतात. संशयित भागाची जीवोतक परीक्षा करतात. मात्र अंतर्दर्शनात काही न आढळले, तरी प्रत्यावहन असू शकते.

(२) क्ष-किरण परीक्षा : बेरियम सल्फेटाचे मिश्रण गिळावयास देऊन घेतलेल्या चित्रांत अंतर्गळाचा आकार व ग्रसिकेची लांबी दिसते.

(३) पीएच मापन : नाकातून घातलेल्या बारीक नळीचा संवेदक परिसंकोची स्नायूच्या सु. ५ सेंमी. वर ठेवून २४ तास नोंद घेतात. रुग्ण नेहमीप्रमाणे जेवतो, झोपतो व जळजळ होताच वेळ नोंदवितो. निदान आधी सिद्ध झालेले नसल्यास अम्लरोधक औषधे सु. सात दिवस आधी थांबवितात. पीएच मूल्य एकूण काळाच्या ६ टक्क्यांहून अधिक (सु. ८६ मिनिटांहून जास्त) वेळ ४ च्या खाली राहिल्यास विकार सिद्ध मानतात, ४ टक्क्यांहून कमी असल्यास ते प्राकृत समजतात.

(४) दाबमापन : दाबसंवेदक असलेली नळी घालून रुग्णास पाण्याचे घोट घ्यावयास लावतात व ग्रसिकेच्या आकुंचन-लहरी तपासतात. अॅकॅलेशिया या विकारात परिसंकोची स्नायू गिळताना सैलच होत नाही. अन्न साचून जळजळ होते व ती प्रत्यावहनाची वाटते. अशा रुग्णावर ही शस्त्रक्रिया झाल्यास गिळणे अधिकच कठीण होते. लहरी क्षीण असल्यास जठर पूर्ण न गुंडाळता अंशतः गुंडाळतात.

यांपैकी कोणतीही एक परीक्षा दुसरीची जागा घेऊ शकत नाही. अंतर्दर्शनाने इजा, क्ष-किरणांनी रचना, पीएच मापनाने अम्लाचे प्रमाण व दाबमापनाने ग्रसिकेचे कार्य कळते. जळजळीचे कारण अम्ल नसेल, तर शस्त्रक्रियेने ती थांबत नाही. उलट गिळण्यास त्रास व पोट फुगणे हे तिचे दुष्परिणाम मात्र रुग्णाच्या वाट्यास येऊ शकतात.