'हँक' अस्वलाला घर कुणामुळे सोडावं लागलं? अमेरिकेत तळ्याकाठी कॅम्पिंगचा बेत आखण्याआधी हे वाचा

२०२२ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातलं एक अस्वल सोशल मीडियावर एकदम स्टार झालं. नाव 'हँक द टँक'. वजन दोनशे किलोंच्या पुढे असल्याचा लोकांचा अंदाज. काम काय, तर लेक टाहो या तळ्याच्या दक्षिणेकडच्या वस्तीत घरांची दारं-खिडक्या तोडून आत शिरायचं, फ्रीज आणि फडताळं रिकामी करायची आणि निघून जायचं.

पुढे डीएनए तपासणी झाली आणि दोन गोष्टी कळल्या. घरं फोडणारं अस्वल एक नव्हतं, किमान तीन होती. आणि त्यातला सगळ्यात बदनाम 'हँक' हा नर नसून मादी होती. ऑगस्ट २०२३ मध्ये वनखात्याच्या लोकांनी तिला तिच्या तीन पिल्लांसह पकडलं. तोवर किमान २१ घरफोड्यांशी तिचा डीएनए जुळला होता. तिला कोलोरॅडो राज्यातल्या एका प्राणी आश्रयस्थानात पाठवायचं ठरलं आणि पिल्लांना वेगळ्या पुनर्वसन केंद्रात. कारण आईचं बघून पिल्लंही घरफोडी शिकत होती.

हँकचं नशीब त्यातल्या त्यात बरं. माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या आणि माणसाची भीती मोडलेल्या अस्वलाला बऱ्याचदा मारावं लागतं. ही चटक लागते कुठून? उघड्या कचरापेटीतून, गाडीत विसरलेल्या खाऊच्या पिशवीतून आणि तंबूबाहेर रात्रभर पडून राहिलेल्या जेवणाच्या डब्यातून.

म्हणूनच टाहोच्या काठी कॅम्पिंगचा बेत हा फक्त फोटो आणि शेकोटीचा विषय राहत नाही. बे एरियात राहणारी मराठी कुटुंबं उन्हाळ्यात हमखास तिकडे जातात. मुलांकडे अमेरिकेला गेलेले आई-बाबाही सोबत असतात. सॅन फ्रान्सिस्कोहून गाडीने साडेतीन-चार तासांचा रस्ता. तिथे काय वेगळं असतं, ते समजून घेऊ.

स्टेट पार्क म्हणजे काय?

अमेरिकेत नॅशनल पार्क केंद्र सरकारचं असतं आणि स्टेट पार्क त्या त्या राज्याचं. एकट्या कॅलिफोर्नियाच्या यादीत अशी २८० च्या आसपास ठिकाणं आहेत. टाहोच्या पश्चिम किनाऱ्यावर एमराल्ड बे, डी. एल. ब्लिस आणि शुगर पाइन पॉइंट ही तीन स्टेट पार्क जवळजवळ आहेत.

आपल्याकडे पवना धरणाच्या काठी कॅम्पिंगला जायचं तर फोन करायचा, पैसे पाठवायचे आणि पोचायचं. तंबू उभारलेला असतो, बार्बेक्यू पेटलेला असतो, सकाळी पोहेही मिळतात. स्टेट पार्कात यातलं काहीच नसतं. पैसे भरून मिळतो तो जमिनीचा एक नंबर दिलेला तुकडा. त्यावर एक लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं आणि अन्न ठेवायला पोलादी पेटी. तंबू, अंथरूण-पांघरूण, शेगडी, भांडी सगळं आपलं आपण न्यायचं.

बुकिंग तत्काळ तिकिटासारखं

कॅलिफोर्नियातल्या स्टेट पार्कांचं बुकिंग 'रिझर्व्ह कॅलिफोर्निया' या सरकारी वेबसाइटवर होतं. साधारणपणे सहा महिने आधी, तिथल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजता खिडकी उघडते. म्हणजे १० जुलैला जायचं असेल तर १० जानेवारीला सकाळी लॉगिन करून तयार बसायला हवं. उन्हाळ्यातले शनिवार-रविवार काही मिनिटांत संपतात. हुकलंच तर दोन उपाय उरतात: मंगळवार-बुधवारसारखे मधले वार निवडायचे किंवा रद्द झालेल्या जागांवर लक्ष ठेवायचं.

एका जागेवर जास्तीत जास्त ८ माणसं चालतात. तीन कुटुंबं मिळून जात असतील तर शेजारच्या दोन जागा एकाच वेळी घ्याव्या लागतात. आणि रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते. अंताक्षरी त्याआधीच आटपायची.

आणखी एक गंमत. 'तळ्याकाठचं' पार्क असलं तरी तंबू पाण्याला लागून असेलच असं नाही. शुगर पाइन पॉइंटचा कॅम्प महामार्गाच्या अलीकडे पाइनच्या जंगलात आहे आणि तळं महामार्गाच्या पलीकडे. लहान मुलं किंवा गुडघे दुखणारे आजी-आजोबा सोबत असतील तर जागा बुक करण्याआधी पार्कचा नकाशा बघणं फायद्याचं.

पोलादी पेटीत काय काय ठेवायचं?

कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर ग्रिझली अस्वल आहे, पण ती जात राज्यातून शंभर वर्षांपूर्वीच नाहीशी झाली. आता तिथे फक्त 'ब्लॅक बेअर' म्हणजे काळं अस्वल आहे. नाव काळं असलं तरी टाहोकडची बरीचशी तपकिरी दिसतात. त्यांचं नाक अतिशय तिखट असतं आणि टाहोतल्या काही अस्वलांना गाडीचं दारही उघडता येतं. त्यामुळे अन्न तंबूत नाही आणि गाडीतही नाही. ते पेटीतच ठेवायचं. हा नियम आहे आणि मोडला तर दंड होऊ शकतो.

इथे बहुतेकांची एक चूक होते. अन्न म्हणजे फक्त खायचं, असं त्यांना वाटतं. अस्वलाला मात्र वास येणारी प्रत्येक वस्तू अन्नच वाटते. लोणच्याची बरणी, मसाल्याचा डबा, चकलीची पिशवी तर आलीच. शिवाय टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, लिप बाम, बाळाचे ओले टिश्यू, खोबरेल तेल, उदबत्ती, कुत्र्याचं खाणं आणि रिकामा कूलर हे सगळं पेटीत. मुलांच्या कारसीटखाली पडलेली बिस्किटंही झाडून काढायची. पेटी लावली की खिटी नीट बसली का, हे हाताने ओढून बघायचं. कचरा रात्रभर टेबलाजवळ ठेवायचा नाही. झोपण्याआधी तो अस्वलाला उघडता येणार नाही अशा झाकणाच्या कचरापेटीत टाकून यायचा.

अस्वल समोर आलंच तर पळायचं नाही. उभं राहून, हात वर करून मोठ्याने आवाज करायचा आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवायची. पिल्लं दिसली तर आई जवळच असते. त्यांच्या मध्ये जायचं नाही आणि सेल्फी तर अजिबात नाही.

कळसूबाईपेक्षा उंचावर असलेलं तळं

या तळ्याचं नाव मराठी कानाला दुःखाचं वाटतं, पण त्याचा आक्रोशाशी संबंध नाही. तिथल्या मूळच्या वाशो लोकांच्या भाषेत तळ्याला जो शब्द आहे त्याचा गोऱ्यांनी केलेला अपभ्रंश म्हणजे टाहो. म्हणजे 'लेक टाहो'चा अर्थ झाला 'तळं तळं'!

तळ्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारे १,८९७ मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे तळ्यात बोटीत बसलेला माणूसही कळसूबाईच्या माथ्यावरच्या माणसापेक्षा उंचावर असतो.

याचा पहिला परिणाम थंडीवर. जुलैत दुपारी टी-शर्टवर फिरता येतं, पण रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो. पहाटे दवही पडतं. म्हणून स्लीपिंग बॅग घेताना ती किती तापमानापर्यंत चालते ते लेबलवर बघायचं. तंबूत खाली जाड चटई हवी, कारण पाठीची ऊब जमीन ओढून घेते. लोकरीची टोपी, पायमोजे आणि एक जाडसर जॅकेट भर उन्हाळ्यातही लागतं.

पाणी निळंशार, पण गार

टाहोची कमाल खोली सुमारे ५०१ मीटर. एवढं पाणी तापायला उन्हाळा पुरत नाही. ऑगस्टमध्ये काठावरचं वरवरचं पाणी बरं लागतं, पण जूनमध्ये ते चांगलंच गार असतं आणि खोलात तर कायम. अशा पाण्यात अचानक पडल्यावर माणूस नकळत जोरात श्वास ओढतो. तोंड पाण्याखाली असेल तर त्या एका श्वासात पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो.

२१ जून २०२५ रोजी हे साऱ्या अमेरिकेने पाहिलं. डी. एल. ब्लिस स्टेट पार्कजवळ दुपारी अचानक वादळ उठलं, लाटा आठ फुटांपर्यंत गेल्या आणि दहा जणांना घेऊन निघालेली बोट उलटली. आठ जण गेले. जे दोघे वाचले त्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होतं.

त्यामुळे कायाक किंवा पॅडलबोर्ड भाड्याने घ्यायचा असेल तर सकाळी लवकर जावं आणि दुपारचा वारा सुटायच्या आत काठाला यावं. लाइफ जॅकेट बोटीत ठेवून उपयोग नाही, ते अंगात हवं. पोहता येणाऱ्यालाही. आपली स्वतःची कायाक नेणार असाल तर आधी ती धुऊन, पाणी काढून, कोरडी करून न्यायची. दुसऱ्या तळ्यातल्या गोगलगायी आणि शिंपले अशाच चिकटून येतात. न्यूझीलंडची एक बारीक गोगलगाय २०२३ मध्ये टाहोतही सापडली.

शेकोटीची खात्री नाही

ऑगस्ट २०२१ मध्ये कॅल्डॉर वणव्यामुळे साउथ लेक टाहो हे अख्खं शहर रिकामं करावं लागलं होतं. तेव्हापासून आगीच्या बाबतीत तिथे कुणी ढिलाई करत नाही. उन्हाळा चढला की लाकडाच्या आणि कोळशाच्या शेकोट्यांवर बंदी येऊ शकते. म्हणून जेवणाचा बेत गॅसच्या छोट्या शेगडीवर होईल असाच ठेवायचा. निघण्याच्या आदल्या दिवशी पार्कच्या वेबसाइटवर आगीचे नियम आणि धुराची स्थिती दोन्ही बघायची.

शेकोटीला परवानगी असली तरी पार्कातल्या काटक्या गोळा करता येत नाहीत. लाकडं विकत घ्यायची, तीही जवळपासच. घरून आणलेल्या लाकडातून झाडांना लागणारी कीड पसरते. झोपताना शेकोटीवर पाणी ओतायचं, राख ढवळायची, पुन्हा पाणी ओतायचं. हात जवळ नेल्यावर ऊब लागली नाही, म्हणजे विझली.

निघताना

दुपारी १२ वाजता जागा सोडायची असते. तोवर तंबू गुंडाळलेला असतो, मुलं गाडीत बसलेली असतात आणि सगळ्यांना घाई असते. तरी पाच मिनिटं काढून पेटी आतून पुसायची, टेबलाखाली सांडलेले फरसाणाचे दाणे वेचायचे आणि शेकोटीच्या कड्यात फळांच्या साली राहिल्यात का ते बघायचं.

कारण संध्याकाळी माणसं परत घरी पोचलेली असतात आणि त्याच जागेवर एखादी अस्वलीण पिल्लांना घेऊन फिरत येते. तिला तिथे काही मिळालं नाही तर ती पुढे जंगलात मुंग्या आणि बोरं शोधायला जाते. मिळालं, तर दुसऱ्या रात्री पुन्हा येते. हँकचीही सुरुवात अशाच कुठल्यातरी उष्ट्याखरकट्यापासून झाली असणार.