बघा, थांबवा आणि करा!

बालमित्रांनो, एक गंमत सांगते.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. त्या दिवसांत आमच्या कामशेतच्या आकाशात रंगीबेरंगी पॅराग्लायडर दिसायला लागतात. डोंगरावरून झेप घ्यायची आणि वाऱ्यावर तरंगत खाली यायचं! त्या दुपारीही दोघं-तिघं तरंगत होते. आणि खाली, पिंपळाच्या पारावर, माझ्या वर्गातली पाच मुलं एका मोबाईलवर डोकी टेकवून बसली होती. काय बघत होती, ओळखा पाहू? पॅराग्लायडिंगचा व्हिडिओ!

"अरे, जरा वर बघा की!" असं म्हणणार होते, पण गप्प बसले. का, सांगू? आदल्याच आठवड्यात मी स्वतः तशीच चूक केली होती.

झालं काय, इंटरनेटवर 'अरविंद गुप्ता टॉईज' या नावाने शोधलं, की टाकाऊ वस्तूंपासून खेळणी कशी करायची याचे शेकडो छोटे-छोटे व्हिडिओ मिळतात. मराठीतसुद्धा आहेत बरं का! मी वर्गात एकामागून एक अकरा व्हिडिओ दाखवले. टाळ्याच टाळ्या! दुसऱ्या दिवशी विचारलं, "काल ती पिपाणी वाजली कशी?" सगळा वर्ग चिडीचूप. शेवटी एकजण म्हणाला, "बाई, त्यांनी फुंकली म्हणून!"

चूक मुलांची नव्हती. अकरा व्हिडिओ बघितले, पण हात एकदाही हलला नव्हता.

हे अरविंद गुप्ता कोण, ठाऊक आहे? १९७५ साली ते कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर झाले आणि पुण्याला टेल्को कंपनीत नोकरीला लागले. १९७८ साली ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम) जिल्ह्यात गेले. तिथल्या खेड्यापाड्यांतल्या शाळांमध्ये प्रयोग करून विज्ञान शिकवण्याचं काम चाललं होतं. महागडं साहित्य आणायचं कुठून? मग आठवडे बाजारात मिळणाऱ्या काड्यापेट्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतूनच त्यांनी भूमितीचे आकार तयार केले! पुढे पुण्याला आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी कितीतरी खेळणी केली, त्यांचे व्हिडिओ काढले आणि सगळ्यांसाठी फुकट ठेवून दिले. २०१८ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

तर आम्ही वर्गात एक नियम केला. एका दिवशी एकच व्हिडिओ. बघायचा, मध्येच थांबवायचा आणि करायचा!

पहिल्या दिवशी काड्यापेटीच्या काड्या घेतल्या. त्यांचं गुल मोठ्या माणसाकडून खरवडून घ्यायचं. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब आणायची आणि तिचे बोटाच्या पेरापेक्षाही लहान तुकडे करायचे. एका तुकड्यात दोन्ही बाजूंनी एकेक काडी खुपसली, की झाला सांधा! तीन काड्या, तीन सांधे म्हणजे त्रिकोण. चार काड्या, चार सांधे म्हणजे चौकोन. आता दोन्ही बोटांनी दाबून बघा. चौकोन लगेच वाकडा होतो, तिरपा पडतो. त्रिकोण मात्र जागचा हलत नाही! का बरं?

मी फळ्याकडे वळणार, एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ही तर कैची आहे!" वाचताना अडखळतो म्हणून वर्गात कधी तोंड न उघडणारा मुलगा होता तो. त्याचे वडील पत्र्याच्या शेड उभारतात. छपराखाली लोखंडाचे त्रिकोण असतात ना, त्यांना कैची म्हणतात. "ती तिरपी पट्टी नसली तर वाऱ्याने शेड झुकंल," तो म्हणाला. मग त्यानेच खराट्याची एक लांब काडी चौकोनात तिरपी बसवली. चौकोनाचे झाले दोन त्रिकोण आणि चौकोन एकदम ताठ! त्या दिवशी शिक्षक तो होता आणि मी विद्यार्थी. विजेचा उंच मनोरा नाहीतर लोखंडी पूल दिसला, तर त्यातले त्रिकोण मोजून बघा.

दुसऱ्या दिवशी पिपाणी. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, म्हणून कागदी घ्या. एक टोक दाबून चपटं करा. त्याचे दोन्ही कोपरे तिरपे कापून टोकदार चोच करा. ती ओठांत धरून जोरात फुंका. सुरुवातीला नुसती हवाच जाईल. वैतागू नका, चोच थोडी आत-बाहेर करून बघा. चोचीची दोन पातं थरथरतात, म्हणून आवाज येतो. आता वाजवता-वाजवता दुसऱ्या टोकाने थोडी-थोडी कापत जा. पिपाणी जितकी आखूड, तितका सूर उंच! आणि हो, पिंपळाच्या पानाची पिपाणी आजीला येते का, तेही विचारा.

तिसऱ्या दिवशी मात्र फजिती झाली. मोटार करायची होती. टॉर्चचा एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक लोहचुंबक आणि तांब्याची तार. तार कुठली? शेतातल्या पंपाच्या मोटारी भरून देणाऱ्या दुकानातला उरलेला तुकडा! सेलभोवती दहा वेढे देऊन कडं केलं, दोन्ही टोकं पिनांच्या भोकांत अडकवली. पण कडं नुसतं डुलायचं, फिरायचं नाही. व्हिडिओ पुन्हा लावला आणि बरोबर जागी थांबवला. तेव्हा कळलं! तारेवर चकचकीत लेप असतो. एका टोकावरचा लेप सगळा खरवडायचा, दुसऱ्यावरचा फक्त अर्ध्या बाजूचा. आम्ही दोन्ही टोकं पूर्ण खरवडली होती. त्यामुळे चुंबक अर्ध्या फेरीत कडं पुढे ढकलायचा आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत मागे! लेप अर्धा ठेवला, की तेवढा वेळ वीज बंद पडते आणि कडं आपल्याच वेगाने पुढे जातं. नवी तार घेतली आणि काय सांगू, मोटार गरगर फिरली! मात्र लक्षात ठेवा, हा खेळ टॉर्चच्या सेलवरच खेळायचा. घरातल्या विजेच्या बटणाला हात लावायचा नाही! आणि तार तापते, म्हणून मोटार फार वेळ चालू ठेवायची नाही.

पालकहो, दोन शब्द तुमच्याशी. मोबाईल हिसकावून घेतला, की मूल रुसतं. दिला, की त्यातच बुडतं. मधला रस्ता आहे. कात्री, दोरा, रिकामी खोकी यांचा एक डबा मुलांसाठी ठेवा. पसारा होईल, होऊ द्या. आणि तुमच्या हातातली कला, मग ती सुतारकी असो, शिवण असो की गवंडीकाम, मुलांना जवळ बसवून दाखवा. ती कुठल्याच व्हिडिओत सापडणार नाही.

बरं, त्या पारावरच्या पाच जणांचं पुढे काय झालं? शनिवारी ती पुन्हा तिथेच भेटली. पिशवीचा कागद, चार दोरे आणि एक खडा, असं छोटं पॅराशूट करून ती पारावरून सोडत होती. पहिलं दाणकन पडलं. दुसरं पिंपळात अडकलं. तिसरं मात्र तरंगलं... आणि सगळ्यांच्या माना वर होत्या!

मग, तुम्ही आज काय करणार?