पत्ता राहिला, पान गेले

आमच्या वैतरणा नदीचे नाव एका आगबोटीलाही होते. कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघालेली ही बोट, विजेच्या दिव्यांमुळे लोकांची ‘वीजळी’, नोव्हेंबर १८८८ मध्ये वादळात बेपत्ता झाली. निवृत्तीनंतर तिच्याविषयीची पाने मी ब्राउझरमध्ये बुकमार्क करीत आलो. नातीला ती दाखवावयास बसलो, तर दोन दुवे उघडेचनात. बुकमार्क केवळ पत्ता जपतो, मजकूर नव्हे. खातेवहीचा पानक्रमांक म्हणजे नोंद नव्हे, हे मला तरी उमगावयास हवे होते!

दुवे सांभाळणाऱ्या सेवाही चिरंजीव नसतात. ‘गूगल बुकमार्क्स’ २०२१ मध्ये बंद झाली, ‘पॉकेट’ जुलै २०२५ मध्ये. म्हणून आता मी विषयवार फोल्डर करतो, दुव्याच्या नावातच तारीख लिहितो आणि दरमहा ‘एक्सपोर्ट’ करून संपूर्ण यादी पेनड्राइव्हवर घेतो. मोलाचे पान मात्र ‘इंटरनेट अर्काइव्ह’च्या ‘वेबॅक मशीन’मध्ये जतन करतो; तेथे त्या दिवसाची प्रत राहते.

हरवलेल्या पानांपैकी एकाची जुनी प्रत तेथेच सापडली. दुसऱ्यातील मांडवी बंदराच्या आठवणी नातीला मी स्मरणानेच सांगतो.