थिंकक्वेस्ट: मुलांच्या संकेतस्थळांना गुण कसे द्यायचे?

विद्यार्थ्यांनी गट करून इतरांना शिकवणारं संकेतस्थळ बनवायचं, ही थिंकक्वेस्ट स्पर्धेची कल्पना. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क अँड सर्व्हिसेस या संस्थेने ती सुरू केली; २००२ मध्ये ती ओरॅकलच्या शिक्षण प्रतिष्ठानाकडे गेली. काम मुलांनी करायचं, शिक्षकाने फक्त वाट दाखवायची.

अशा कामाचं परीक्षण करताना देखणेपणाला भुलून चालत नाही. मजकूर अचूक आहे का आणि तो मुलांचा स्वतःचा आहे का, हे आधी पाहायचं. ज्वालामुखीवरच्या पानात एक परिच्छेद साधासोपा आणि पुढचा एकदम ज्ञानकोशी थाटाचा असेल, तर उचलेगिरीची शंका येतेच. मग वाचणाऱ्याला काही करून पाहता येतं का? प्रश्नमंजूषेत उत्तर चुकल्यावर नुसतं ‘चूक’ न म्हणता कारण सांगितलं, तर ते खरं शिकवणं. चित्रांचे स्रोत, परवानग्या, न उघडणारे दुवे हेही तपासायला हवं. शिवाय कामाची वाटणी: एकट्यानेच सगळा गाडा ओढला असेल, तर गट नावापुरता उरतो.

२०१३ मध्ये ओरॅकलने थिंकक्वेस्ट बंद केलं. शाळेतले डिजिटल प्रकल्प तपासणाऱ्यांना मात्र हे प्रश्न आजही विचारावेच लागतात.