दोष मेंढीचा की मेंढ्याचा?

मृगाच्या पावसानंतर गाभण राहिलेली मेंढी पाच महिन्यांनी, कार्तिकात विते. तोवर सोयाबीन निघालेलं असतं, वावरं मोकळी होतात आणि कास्तकार खतासाठी कळप बसवायला बोलावतो. वऱ्हाडातल्या धनगराला हा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही.

स्कॉटलंडच्या मेंढीचं पंचांग मात्र सूर्यावर चालतं. तिथला दिवस उन्हाळ्यात सतरा तासांचा, हिवाळ्यात सातांहूनही कमी. रात्र लांबू लागली की मेंदूतली पिनिअल ग्रंथी जास्त वेळ मेलॅटोनिन सोडते आणि त्या खुणेवर मेंढी माजावर येते. अकोला-अमरावतीत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात फरक जेमतेम अडीच तासांचा. त्यामुळे आपल्याकडची मेंढी जवळपास वर्षभर, दर 17 दिवसांनी माज दाखवू शकते. कधी दाखवायचा, हे ठरवतो चारा. पाऊस पडून आठ-पंधरा दिवस हिरवं पोटात गेलं की कळपच्या कळप माजावर येतो.

इथंच घोळ होतो. मेंढ्याच्या अंगाचं तापमान 39 अंशांच्या आसपास असतं, पण त्याची वृषणं चार-पाच अंश थंड राहिली तरच वीर्य चांगलं निपजतं. 2024 च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपुढे गेला आणि जिल्ह्यात जमावबंदी लागली. ती माणसांसाठी. मेंढा दुपारी दोन वाजताही रानातच! शुक्राणू तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात, पुढे पक्व व्हायला आणखी दोनेक. म्हणजे मे महिन्याचा चटका जूनभर, कधी जुलैअखेरपर्यंत पुरतो. माद्या माजावर येतात त्याच दिवसांत. मग मेंढी उलटते, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येते; पुन्हा उलटते. वांझ ठरून बाजारात जाते तीच.

संशोधनाची नजरही बरीचशी मादीकडे वळलेली दिसते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं जुळी देणारं जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ घडवली. काम मोलाचंच आहे. पण उन्हानं वीर्य बिघडलं असेल, तर जुळं सोडा, एक कोकरूही मिळायचं नाही.

तेव्हा मेंढपाळांनो, एप्रिल-मेत मेंढ्याला अकरा ते चार सावलीत बांधा, पाणी भरपूर द्या, वृषणांवरची लोकर उन्हाळ्याआधीच कातरा. आणि पावसाळ्यात एकाच नराखालच्या बऱ्याच मेंढ्या उलटू लागल्या, तर त्या विकण्याआधी पशुवैद्यकाकडून त्या नराचं वीर्य तपासून घ्या.