जोडी टिकवावी की मोडावी?

मार्च 2015 मध्ये टेनिसपटू सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगिस एकत्र खेळू लागल्या आणि इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्स्टन अशा लागोपाठ तीन स्पर्धा जिंकल्या. एप्रिलमध्ये सानिया दुहेरीत जगात पहिली झाली. मग विम्बल्डन, अमेरिकन ओपन आणि 2016 ची ऑस्ट्रेलियन ओपन. सलग 41 सामन्यांत त्यांना कुणी हरवू शकले नाही. सानियाच्या जबरदस्त फोरहँडने प्रतिस्पर्धी मागे रेटले जायचे, आणि उडालेला कमजोर चेंडू नेटजवळ हिंगिस अचूक टिपायची.

ऑगस्ट 2016 मध्ये ही जोडी फुटली.

त्याआधी झाले काय होते? मे महिन्यात रोमचे विजेतेपद मिळाले होते. फ्रेंच ओपनमध्ये तिसऱ्या फेरीत, विम्बल्डनमध्ये उपांत्यपूर्व फेरीत हार. एवढ्यावरून काडीमोड घेण्याची घाई झाली, असेच वाटते.

पण दुहेरीत जोडी मोडणे सोपे असते. क्रमवारीचे गुण जोडीच्या नव्हे, प्रत्येक खेळाडूच्या नावावर जमा होतात आणि स्पर्धेतला प्रवेश दोघांच्या क्रमांकांची बेरीज पाहून मिळतो. त्यामुळे नवा जोडीदार घेतला तरी जुनी कमाई बुडत नाही. वर्षअखेरच्या स्पर्धेसाठी मात्र जोडीचे गुण मोजले जातात, म्हणूनच या दोघी सिंगापूरला पुन्हा एकत्र उतरल्या. शिवाय टूरवरच्या बहुतेक स्पर्धांत ड्यूसनंतर एकाच गुणावर गेम ठरतो आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक होतो. दोन-चार चेंडू इकडचे तिकडे झाले की सामना हातचा जातो. अशा पराभवांवरून जोडीची पारख करणे अन्यायाचे आहे.

अमेरिकेच्या ब्रायन बंधूंनी ही घाई केली नाही. 2018 मध्ये बॉबच्या खुब्याला दुखापत झाली, तेव्हा माइकने जॅक सॉकबरोबर विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन जिंकली. इतके यश हाताशी असूनही 2019 मध्ये तो भावाकडे परतला आणि दोघांनी मायामी जिंकली. या जुळ्यांची एकत्र विजेतेपदे 119.

आपल्याकडची जखम वेगळी आहे. लिएंडर पेस आणि महेश भूपती 1999 मध्ये चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोहोचले, त्यांतल्या दोन जिंकले. पुढे दोघांत इतका दुरावा आला की 2012 च्या लंडन ऑलिंपिकसाठी भूपती आणि रोहन बोपण्णा यांनी लिएंडरबरोबर खेळायलाच नकार दिला. मने इतकी फाटल्यावर जोडी सक्तीने टिकवण्यात अर्थ नसतो.

हिंगिसला वेगळे होणे फळले, हे मान्य करायला हवे. 2017 मध्ये चान युंग-जानबरोबर तिने अमेरिकन ओपनसह नऊ स्पर्धा जिंकल्या. सानियाने जोडी फुटताच बार्बोरा स्ट्रायकोव्हाबरोबर सिनसिनाटीच्या अंतिम सामन्यात हिंगिसलाच हरवले, पण महिला दुहेरीचे ग्रँड स्लॅम तिला पुन्हा मिळाले नाही. त्या दोघींनी निदान 2016 चा मोसम तरी एकत्र पुरा करायला हवा होता.